फसफसत्या वाईनसोबत भजीच

मंडळी, मागच्या टबात बाटल्या ठेवल्यात. त्यात बर्फ, पाणी आणि मूठभर खडेमीठ आहे. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटात मीठ का टाकायचो, आठवतंय ना? तेच गणित. फसफसणारी पांढरी वाईन ६ ते ८ अंशांवर प्यायची असते. संभाजीनगरच्या उन्हाळ्यात कोमट बाटली उघडली, तर निम्मी सतरंजी पिते.

आपल्याकडे ही बाटली निघते वाढदिवसाला. आधी हलवून उडवतात, उरलेली केकबरोबर. उडवण्याचं एक वेळ सोडा, मला तो केक जास्त खटकतो. बाटलीवर ‘ब्रूट’ लिहिलं असेल तर लिटरमागे साखर १२ ग्रॅमपेक्षा कमी. जिलबीवर चहा प्यायला की तो बिनसाखरेचा लागतो. केकनंतर ब्रूटचं तेच होतं, नुसती आंबट लागते. आणि मग म्हणतात, वाईनच वाईट! इमरती किंवा कुंथलगिरीचा पेढा ठेवायचा असेल तर ‘डेमी-सेक’ बघा, ३२ ते ५० ग्रॅमची. ‘एक्स्ट्रा ड्राय’ नावाला भुलू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे.

मग ब्रूट कशाबरोबर? भज्यांबरोबर. बटाट्याची, कांद्याची, पालकाची. भज्यावर आपण लिंबू पिळतो, ते काम इथे वाईनचा आंबटपणा करतो. तोंडातला तेलकटपणा निघून जातो, बुडबुडे जीभ साफ करतात, आणि भज्यातल्या मिठामुळे वाईनचा आंबटपणा मवाळ लागतो. पुढचं भजं पहिल्यासारखंच लागतं. म्हणून जरा जपून, भजी संपतात.

इथे द्राक्षबागायतदार बसलेत, त्यांना हे लगेच कळेल. थॉमसन, सोनाका आपण गोडी भरेपर्यंत वेलीवर ठेवतो. या वाईनची द्राक्षं, म्हणजे नाशिककडची शेनिन ब्लां वगैरे, आंबटपणा शाबूत असतानाच लवकर तोडतात. मग दुसऱ्यांदा आंबवणं येतं, बुडबुडे त्यातूनच. इटलीची प्रोसेको ग्लेरा द्राक्षाची. तिचं हे दुसरं आंबवणं बहुतेक वेळा स्टीलच्या टाकीत होतं, म्हणून ती पेअर-सफरचंदासारखी ताजी लागते. शॅम्पेनचं होतं बाटलीतच, आणि यीस्टच्या गाळावर ती महिनोन्‌महिने पडून राहते. त्यातून भाजलेल्या पावाचा वास येतो. असल्या वाईनबरोबर मी हुरडा खाल्लाय. आगटीतला गरम हुरडा, वर शेंगदाण्याची चटणी, तिखट बेताचं. त्याहून चांगली जोडी मला अजून सापडलेली नाही.

‘बेताचं’ मुद्दाम म्हणालो. नान खलियाबरोबर ब्रूट घेऊ नका. तर्री आणि मटणाची चरबी तिने कापली असती, पण तिखटावर अल्कोहोल आणि बुडबुडे पडले की जीभ आणखी पोळते. खलियाच हवा असेल तर थोडी गोड बाटली घ्या, नाहीतर ताक. ताकाला मी कमी लेखत नाही. माळकरी मंडळींनाही आज तेच आहे.

चला, पहिला घाणा आला वाटतं. बाटली उघडायला कोण येतंय? मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब आहे आत, तेव्हा तोंड माणसांकडे नको, त्या भिंतीकडे. बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा, बूच नाही. आवाज फुस्स असा आला पाहिजे.