घेऊन जा गे मारबत

(दृश्य : इतवारीतली गर्दी. ताशांचा कडकडाट.)

पोळ्याचा दुसरा दिवस. दुपारी पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत हिंडतील. सकाळी मात्र अख्खं नागपूर इतवारीत. मारबत म्हणजे मिरवत नेऊन जाळायचा बाईचा मोठा पुतळा. पिवळी मारबत निघते १८८५ पासून. काळी तिच्याहूनही थोडी जुनी. नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर आल्या की आरोळी उठते : ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!

घरातलं आजारपण, पोटातला राग, महागाई, सगळं मारबतीच्या अंगावर घालायचं आणि नेऊन जाळायचं. मनोविश्लेषणाच्या भाषेत हे प्रक्षेपण : आपलं नकोसं ते दुसऱ्याच्या पदरात टाकणं. पण एवढ्यावर मारबत निकालात काढणं मला पटत नाही. सोबतच्या बडग्यांवरच्या, म्हणजे चालू घडामोडींची टर उडवणाऱ्या पुतळ्यांवरच्या, पाट्या वाचून लोक पोट धरून हसतात. आपण काय करतोय, हे या गर्दीला पक्कं ठाऊक असतं.

घरात ताशा वाजत नाही, म्हणून तिथं कळत नाही.

(दृश्य : संध्याकाळ. स्वयंपाकघर. परातीत मेथी.)

बाहेरून तणतणत आलेला नवरा भाजी निवडणाऱ्या बायकोला विचारतो, "तुझं तोंड काऊन उतरलं?" ती बिचारी गाणं गुणगुणत होती. दहा मिनिटांत तिचं तोंड खरंच उतरतं. राग त्याचा, भांडी आपटतेय ती. मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांनी १९४६ मध्ये अशा देवघेवीला नाव दिलं : प्रक्षेपी तादात्म्य. नाव बोजड, अनुभव घरोघरचा.

गंमत अशी, की दुसऱ्याचं दुःख आपल्याला कळतं तेही याच दारातून. पाउला हाइमान या मनोविश्लेषकांनी १९५० च्या लेखात म्हटलं, की रुग्णासमोर बसलेल्या मनोविश्लेषकाच्या मनात जे उठतं, तेही रुग्णाला समजून घेण्याचं साधन आहे. फक्त ते लगेच ओकून मोकळं व्हायचं नाही. हा राग माझा, की याचा? आधी तेवढं बघायचं.

असं दुसऱ्याच्या आत शिरण्याला आपल्याकडे परकायाप्रवेश म्हणतात. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले, ती दंतकथा आठवा. स्वतःचा देह शिष्यांच्या राखणीत ठेवून गेले होते. तरी राजवाड्यात रमले, आपण कोण तेच विसरले; शिष्यांना जाऊन आठवण द्यावी लागली. ग्यानबाची मेख त्या राखणीत आहे. "तुझं दुःख तेच माझं" म्हणत दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्याहून मोठ्यानं रडणारी माणसं आपण पाहिलेली असतात. मग पाणी त्यांनाच आणून द्यावं लागतं.

(दृश्य : पुन्हा इतवारी. बापाच्या खांद्यावर लेक.)

काळी मारबत जवळ येते आणि दोनेक वर्षांची पोर किंचाळते. बापाचा हात तिच्या पाठीवर जातो. तो स्वतः भ्यालेला नाही, पण क्षणभर त्याचेही डोळे तिच्यासारखे मोठे होतात. "भेव लागलं माह्या बाईले? लय मोठी हाये ना ते?"

मथुरेत जन्मलेले मनोविश्लेषक विल्फ्रेड बियॉन यांनी १९६२ मध्ये जे लिहिलं, ते असंच काहीसं : बाळाची भीती आई आपल्यात घेते, सोसते, आणि बाळाला पेलेल अशी करून परत देते. इथं आईच्या जागी बाप आहे, एवढंच.

पोर त्याच्या मानेत तोंड लपवते. मग एका डोळ्यानं बघते.

ताशा पुन्हा घुमतो. बापही ओरडतो, घेऊन जा गे मारबत! एक हात तिच्या कानावर ठेवून.