पंपातले स्टिरॉइड आणि हृदयविकाराचा झटका

धाप लागणाऱ्या रुग्णाला आपण जो पंप देतो, त्यातल्या स्टिरॉइडने हृदयविकाराचा झटका टळतो का, एवढाच प्रश्न आज मी घेणार आहे. सीओपीडी हा श्वासनलिकांचा चिवट आजार विडी-सिगारेटने होतो, तसाच आपल्याकडे वर्षानुवर्षे चुलीपुढे बसून फुंकणी फुंकणाऱ्या बायकांनाही होतो. आणि या रुग्णांपैकी कित्येकजण फुप्फुसाने नव्हे, तर हृदयाने दगावतात. फुप्फुसातली धुमसती सूज रक्तात उतरते आणि हृदयाच्या रोहिण्यांनाही भोवते, असे मानले जाते. तेव्हा सूज शमवणारे औषध हृदयालाही राखील, हा तर्क सहज पटणारा होता. मलाही तो बरीच वर्षे पटला होता.

त्याला आधारही मिळाला. युरोस्कोप या सीओपीडीच्या रुग्णांवरील चाचणीच्या २००७ मधील फेरविश्लेषणात, तीन वर्षे ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड ओढणाऱ्यांपैकी ३ टक्के, तर नुसता औषधहीन पंप ओढणाऱ्यांपैकी ५.३ टक्के रुग्णांना हृदयाच्या रक्तपुरवठ्याचे विकार झाले. मात्र ही चाचणी मुळात हृदयासाठी आखलेली नव्हती आणि असे रुग्ण दोन्ही गट मिळून पन्नासाच्या आतच होते.

नुसत्या नोंदींवरून काढलेल्या निष्कर्षांत तर आणखी एक खोच असते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या २००१ च्या अभ्यासात, रुग्णालयातून घरी गेल्यावर ९० दिवसांत ज्यांनी स्टिरॉइडचा पंप घेतला, त्यांच्यात मृत्यू २९ टक्क्यांनी कमी दिसले. आता पाहा, एखाद्याने ऐंशीव्या दिवशी औषधाच्या दुकानात जाऊन पंप आणला, तर ते ऐंशी दिवस तो जिवंत होता म्हणूनच आणू शकला. जो विसाव्या दिवशीच दगावला, तो आपोआप ‘पंप न घेणाऱ्यां’त मोजला गेला. जगण्याचे ते दिवस फुकटात औषधाच्या खात्यावर जमा झाले. माँट्रियलचे संशोधक सॅमी सुइसा यांनी ही चूक उघड केली, आणि हिशेब दुरुस्त करताच तो फायदा दिसेनासा झाला.

खरी परीक्षा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समिट चाचणीने घेतली. मध्यम सीओपीडी आणि जोडीला हृदयविकार किंवा त्याचा वाढीव धोका असलेले १६ हजारांहून अधिक रुग्ण तिने निवडले. फ्लुटिकासोन फ्युरोएट हे स्टिरॉइड आणि व्हिलँटेरॉल हे श्वासनलिका रुंदावणारे औषध या जोडीने मृत्यू ठामपणे कमी झाले नाहीत, आणि हृदयाच्या घटनांतही खात्रीचा फरक पडला नाही. त्याआधी, २००७ च्या टॉर्च चाचणीत, स्टिरॉइड असलेल्या पंपांमुळे न्यूमोनिया वाढल्याचे दिसलेच होते: औषधहीन गटात सुमारे १२ टक्के, तर जोड-औषधाच्या गटात जवळजवळ २० टक्के. केवळ हृदय राखायचे म्हणून सीओपीडीत स्टिरॉइडचा पंप लिहू नये, असे माझे मत यातूनच झाले आहे.

हे ऐकून घरी जाऊन कोणी पंप कोनाड्यात ठेवू नये, एवढी विनंती. ज्यांचा आजार वारंवार उफाळतो आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ३०० किंवा त्याहून जास्त आहेत, त्यांचे उफाळे या औषधाने कमी होतात. १०० पेक्षा कमी असतील, तर फारसा उपयोग होत नाही. हृदयाशी नाते येते ते या उफाळ्यांपाशी. समिटमधल्याच रुग्णांत, उफाळा आल्यानंतरच्या ३० दिवसांत हृदयाच्या घटनांचा धोका जवळपास चौपट आढळला. नेमक्या याच दिवसांत रुग्ण छातीवर हात ठेवून “दम भरतोय” म्हणतो, घरचे पंपाचे आणखी दोन दाब देतात, आणि आम्हीही कधी कधी स्टेथोस्कोप फक्त पाठीला लावतो. त्या वेळी ईसीजी काढायला पाच मिनिटे पुरतात.