अ‍ॅपचा गोतावळा

मंडळी, जाहीर केलेला विषय आहे ‘मोबाइल अ‍ॅपसाठी प्लॅटफॉर्म कसा निवडावा’. एकाच कोडवर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही भागवणारं फ्लटर घ्यावं, तसंच रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घ्यावं की दोन्हीकडे वेगवेगळं नेटिव्ह, म्हणजे थेट त्या त्या फोनच्या भाषेत, लिहावं, याचं उत्तर मी देणार आहे. पण त्याआधी एक मुद्दा मांडू द्या. तो पटला तर निम्मी निवड तुमची तुम्हीच कराल.

आपण प्लॅटफॉर्मची तुलना करतो ती भाषा सोपी आहे का, स्क्रीन किती झटपट तयार होतो, एका कोडवर दोन्ही फोन भागतात का, अशा प्रश्नांवरून. हे सगळे पहिल्या महिन्याचे प्रश्न आहेत. अ‍ॅप चाललं तर ते पाच-सात वर्षं जगतं आणि त्या काळात अँड्रॉइड आणि आयओएस दरवर्षी नवं रूप घेतात. तुमचा कोड आणि फोनची ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये फ्रेमवर्क, म्हणजे फ्लटरसारखा तयार सांगाडा, असतं, तो चालवणारं इंजिन असतं, कॅमेऱ्यासारख्या एकेका कामाची जोडणी करणारी प्लगइन असतात, प्लगइनच्या पोटात आणखी कुणाची तरी एसडीके, म्हणजे तयार कोडचा संच, असते. या सगळ्यांना मी गोतावळा म्हणतो. सोयरीक एकाशी जुळते, नांदावं सगळ्यांबरोबर लागतं. खालची सिस्टिम बदलली की या गोतावळ्यातल्या प्रत्येकाला बदलावं लागतं, आणि जो बदलत नाही त्याच्यापाशी तुमचं अ‍ॅप अडतं.

एकच उदाहरण घेतो आणि जरा सविस्तर घेतो. प्ले स्टोअरवर अ‍ॅप चढवायच्या प्ले कन्सोलमध्ये ‘१६ केबी’चा इशारा कुणाकुणाला आला? हात वर करा. मागच्या रांगेत काहींनी दोन्ही हात वर केलेत, म्हणजे दोन अ‍ॅप्स असणार.

ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी वाटते ती पानापानांनी. अँड्रॉइडमध्ये हे पान वर्षानुवर्षं ४ केबीचं, म्हणजे ४०९६ बाइटचं, होतं. कोणतं पान मेमरीत कुठे आहे हे हाताशी ठेवण्यासाठी प्रोसेसरमध्ये एक छोटा तक्ता असतो, त्याला टीएलबी म्हणतात. रॅम वाढली, पण पानं लहानच राहिली, त्यामुळे तक्ता अपुरा पडू लागला. पान १६ केबीचं केलं की तेवढ्याच तक्त्यात चौपट मेमरी मावते. अँड्रॉइड १५ पासून अशा पानांच्या फोनची सोय झाली. मेमरीची ओढाताण असताना अ‍ॅप सुरू व्हायचा वेळ गूगलच्या मोजणीत सरासरी ३.१६ टक्क्यांनी कमी झाला, काही अ‍ॅप्सचा तर ३० टक्क्यांपर्यंत. तेव्हा बदल चांगलाच आहे. माझा रोख आहे तो या बदलाचा भार कुणावर किती पडला यावर.

निव्वळ कोटलिन किंवा जावा या अँड्रॉइडच्या नेहमीच्या भाषांत लिहिलेलं अ‍ॅप, ज्याच्या पोटात सी किंवा सी++ चं काहीच नाही, त्याला यात काही करावं लागलं नाही. एपीकेच्या, म्हणजे अँड्रॉइडच्या पॅकेजच्या, ‘लिब’ फोल्डरमध्ये प्रोसेसरच्या यंत्रभाषेत बांधलेली डॉट एसओ फाइल असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ती फाइल बनते तेव्हाच तिच्या तुकड्यांची मांडणी ४०९६ बाइटच्या सीमांवर पक्की झालेली असते. एक तुकडा फक्त चालवायचा असतो, दुसऱ्यात लिहायचंही असतं, आणि परवानगी मिळते ती पूर्ण पानाला. पान मोठं झालं की दोन वेगळ्या परवानग्यांचे तुकडे एकाच पानात येतात. फाइल मेमरीत चढवणारा लोडर ती नाकारतो आणि अ‍ॅप सहसा उघडताक्षणी बंद पडतं.

फाइल स्वतःची असेल तर उपाय सरळ आहे. एनडीके या सी, सी++ बांधणाऱ्या साधनसंचाची २८ वी किंवा पुढची आवृत्ती घ्या, ती मुळातच १६ केबीची मांडणी करते. जुन्या आवृत्तीवर अडून बसावं लागत असेल तर लिंकरला, म्हणजे तुकडे जोडून फाइल बनवणाऱ्या साधनाला, कमाल पेज साइज १६३८४ (म्हणजे १६ केबी) असं बजावा. पॅकेज बांधणारं अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.५.१ च्या खाली नको, नाहीतर फाइल नीट असूनही पॅकेजमध्ये ती चुकीच्या जागी बसते. आणि कोडमध्ये कुणी ४०९६ हा आकडा हाताने लिहून ठेवला असेल तर तो काढून पानाचा आकार सिस्टिमलाच विचारा. हा चौथा मुद्दा हमखास राहतो, कारण बांधणी बिनतक्रार होते आणि गडबड फोनवर चालवल्यावरच कळते. तपासायचं असेल तर अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके अ‍ॅनालायझरमध्ये प्रत्येक एसओ फाइलसमोर तिची मांडणी दिसते.

पण बहुतेकांच्या अ‍ॅपमधल्या एसओ फाइली स्वतःच्या नसतात. फ्लटरचं इंजिन म्हणजे एक एसओ फाइल, आणि डार्ट या फ्लटरच्या भाषेतला तुमचा कोडही रिलीज, म्हणजे लोकांना द्यायच्या, बांधणीत एसओ होऊनच येतो. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये जावास्क्रिप्ट चालवणारं हर्मिस हे इंजिन येतं आणि त्याच्याबरोबर आणखी बऱ्याच फाइली. फ्रेमवर्कवाल्यांनी आपापल्या फाइली सुधारल्या, रिअ‍ॅक्ट नेटिव्हने ०.७७ मध्ये. आता समजा तुमचं अ‍ॅप ०.७२ वर आहे. मग ०.७७ गाठताना वाटेत ०.७६ लागतं, आणि तिथे नवं आर्किटेक्चर, म्हणजे स्क्रीन उभा करायची नवी आतली रचना, आपोआप चालू होतं. म्हणजे मेमरीच्या पानाचा आकार बदलला म्हणून तुमच्या बटणांची आणि याद्यांची चाचणी नव्याने करायची!

आणि त्याहून खोल आहेत ती प्लगइनं. पीडीएफ दाखवणारं, कूटबद्ध डेटाबेसचं, व्हिडिओ दाबून लहान करणारं. यातलं एखादं कुणा एकट्या माणसाने फावल्या वेळात लिहिलेलं असतं आणि त्याने तीन वर्षांपूर्वी हात काढून घेतलेला असतो. त्याचा यात काहीही दोष नाही, त्याने फुकट दिलं होतं. सोर्स खुला असेल तर तुम्ही त्याची प्रत घेऊन स्वतः बांधू शकता. बंद एसडीके असेल तर विक्रेत्याला पत्र लिहून वाट पाहणं, नाहीतर पर्याय शोधणं, एवढंच हाती उरतं. वाट पाहायला फारशी मुदतही नसते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅपला आणि प्रत्येक अपडेटला प्लेवर अँड्रॉइड १५ हे टार्गेट, म्हणजे कोणत्या आवृत्तीचे नियम पाळणार ते, सक्तीचं झालं, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून असं टार्गेट असणाऱ्यांना १६ केबी सक्तीचं. दोन नियम एकमेकांत असे अडकले की जुन्या टार्गेटवर दडून राहायची वाट बंद झाली.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. १ ऑगस्ट २०१९ पासून प्लेवर ६४ बिट प्रोसेसरसाठीच्या फाइलींची सक्ती आली, तेव्हाही एसओ फाइलीच अडकल्या. अ‍ॅपलने एप्रिल २०२० पासून वेबपान दाखवणारा जुना घटक, यूआयवेबव्ह्यू, वापरणारी नवी अ‍ॅप्स घेणं थांबवलं, तेव्हा वेबपान गुंडाळून बनवलेल्या अ‍ॅप्सची धावपळ झाली. १ मे २०२४ पासून अ‍ॅपलकडे नेहमीच्या वापरातल्या एसडीकेंना प्रायव्हसी मॅनिफेस्ट, म्हणजे कोणती माहिती का घेतली जाते याची नोंद, लागू लागलं. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने झॅमरिन या आपल्या फ्रेमवर्कचा आधारही काढून घेतला. म्हणजे कधी गोतावळ्यातला एखादा जातो, कधी घराचा कर्ताच.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. तेव्हा आता भराभर.

निवडीआधी शिरगणती करा. अ‍ॅप फोनच्या ज्या ज्या भागाला हात लावणार आहे ते कागदावर लिहा: कॅमेरा, ब्लूटूथ, पार्श्वभूमीत लोकेशन, सूचना, पेमेंट, नकाशा, ऑफलाइन डेटाबेस. प्रत्येकापुढे, ज्या फ्रेमवर्कचा विचार आहे त्यातलं प्लगइन लिहा आणि चार गोष्टी पाहा. शेवटची आवृत्ती कधी आली? सांभाळणारी संस्था आहे की एकटा माणूस? सोर्स खुला आहे का? पोटात एसओ फाइल आहे का? वर्षभरात आवृत्ती नाही, माणूस एकटा आणि पोटात एसओ, असं असेल तर लाल खूण. अ‍ॅपचा मुख्य उपयोगच लाल खुणेवर उभा असेल तर ते फ्रेमवर्क सोडा किंवा तेवढा भाग स्वतः नेटिव्ह लिहायची तयारी ठेवा.

यावरून निवड अशी होते. सतत ब्लूटूथ, पार्श्वभूमीतलं काम, विजेट, घड्याळ, कॅमेऱ्यावरची प्रक्रिया असेल तर नेटिव्ह घ्या, अँड्रॉइडला कोटलिन आणि आयओएसला स्विफ्ट. काम दुप्पट होतं, पण मधे कुणी नसतं. हिशेब आणि नियम खूप आणि दोन्हीकडे ते तंतोतंत सारखे हवेत, तर कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म. ते नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर झालं. त्यात तर्क एकदाच लिहायचा आणि स्क्रीन त्या त्या फोनचा ठेवता येतो.

फॉर्म, याद्या, स्वतःचं रंगरूप, सगळीकडे एकसारखं दिसणं, असं असेल तर फ्लटर. ते प्रत्येक पिक्सेल स्वतः रंगवतं, त्यामुळे फोनागणिक फरक पडत नाही. पण मजकूर निवडणं, कीबोर्डशी आणि स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयींशी जुळवून घेणं, हे सगळं त्याला स्वतः उभं करावं लागतं, म्हणून तुमच्या लिपीतली जोडाक्षरं आणि कर्सर पहिल्याच दिवशी तपासा. टीमला जावास्क्रिप्ट आणि रिअ‍ॅक्ट येत असेल तर रिअ‍ॅक्ट नेटिव्ह. मात्र आवृत्त्या साचू देऊ नका, दोन-तीन मागे राहिलात की चढ अवघड होत जातो. आणि टीममध्ये नेटिव्ह जाणणारा एक तरी माणूस हवाच. एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडलं, त्यामागच्या कारणांत हेही होतं की दोनाऐवजी तीन प्लॅटफॉर्म सांभाळावे लागत होते. केवळ माहिती दाखवायची असेल तर वेबसाइटच चांगली करा. नुसती साइट गुंडाळून दिलेलं अ‍ॅप अ‍ॅपल ४.२ या नियमाखाली परत पाठवतं. आयओएससाठी बांधणीला मॅक आणि एक्सकोड लागतंच, फ्रेमवर्क कोणतंही असो, मग मॅक स्वतःचा असो वा क्लाउडमधला.

चाचणीचा नमुना करताना सगळ्यात अवघड एकच स्क्रीन बांधा. तो रिलीज बांधणीत, कमी रॅमच्या खऱ्या फोनवर पाहा. फ्लटरची डीबग, म्हणजे चुका शोधायची, बांधणी जेआयटीवर, म्हणजे कोडचं चालता चालता भाषांतर करत, चालते, तिच्यावरून वेगाबद्दल काहीच ठरवू नका.

शेवटचं, बाहेर पडायच्या वाटेबद्दल. अ‍ॅप्लिकेशन आयडी, म्हणजे ओळखनाव, आणि साइनिंग की, म्हणजे सहीची किल्ली, तीच ठेवली तर फ्रेमवर्क बदलूनही तेच अ‍ॅप अपडेट म्हणून जातं, वापरणाऱ्याला नव्याने घ्यावं लागत नाही. फसतो तो फोनवरचा जुना डेटा. रिअ‍ॅक्ट नेटिव्हचं असिंकस्टोरेज, म्हणजे डेटा साठवायचं साधन, अँड्रॉइडवर ‘आरकेस्टोरेज’ नावाच्या एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलमध्ये असतं, आयओएसवर ते वेगळ्याच फाइलींत असतं. फ्लटरचं तसंच काम करणारं शेअर्ड प्रेफरन्सेस, निदान त्याच्या जुन्या रूपात, प्रत्येक नावाआधी ‘फ्लटर’ आणि टिंब जोडतं. नव्या कोडला हे वाचता आलं नाही तर अपडेटनंतर सगळे लॉगआउट होतात आणि न पाठवलेल्या नोंदी दिसेनाशा होतात. म्हणून डेटा कुठे, कोणत्या नावाने आणि कोणत्या रूपात ठेवला आहे, याचं एक पान आजच लिहून कोडशेजारी ठेवा.