सहा तारांची ओढ

(दृश्य: अर्धं ओढलेलं शटर, बाहेर रखरखीत रस्ता.)

जळगाव. मे महिना, दुपारचे दोन. टेबलावर भुसावळहून आलेली एक गिटार. दुरुस्तीवाले काका खिशातून एसटीचं तिकीट काढतात आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवतात. तिकीट निम्मं आत जातं. जायला नको होतं.

"भाऊ, गाडीमा ठेयेल व्हती का?"

पोरगा मान डोलावतो. बंद गाडी, भर ऊन, डिकीत गिटार. गोंद नरम पडला.

(दृश्य: ब्रिज, अगदी जवळून.)

ब्रिज म्हणजे तळहाताएवढी लाकडी पट्टी, बहुतेक गिटारींवर नुसती गोंदाने चिकटवलेली. तिला स्टीलच्या ६ तारा मिळून सुमारे ७० किलोंच्या जोराने ओढतात. अख्खा माणूस रात्रंदिवस लटकलाय म्हणा ना.

ब्रिजवरची पांढरी पट्टी म्हणजे सॅडल. तारेची थरथर ती खालच्या लाकडात उतरवते. नुसत्या तारेला आवाज असतो कितीसा? दोन खिळ्यांमध्ये ताणून बघा, शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येणार नाही. गाते ती वरची फळी, जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची.

काका मोबाइलचा टॉर्च आत धरतात. फळीला खालून फुलीसारख्या पट्ट्या मारल्यात. त्या नसत्या तर फळी फुगून वर आली असती. पण जाडजूड मारल्या, तर गिटार मुकी. बनवणाऱ्याची खरी परीक्षा इथे, बाहेरच्या पॉलिशमध्ये नाही.

आणि सगळा आवाज मधल्या भोकातून येतो, हा आपला गैरसमज. तिथून आतली हवा आत-बाहेर होते, त्याने खर्ज भरतो. भोक हाताने झाकून तार छेडा, आवाज किरटा होतो.

(दृश्य: नेकवरून, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावरून, सरकणारा कॅमेरा.)

टोकाच्या खुंट्या तार ताणतात, त्यांच्याखालची खाचांची पट्टी, नट, तारांमधलं अंतर राखते. त्यांचं दुखणं क्वचितच निघतं. पडद्यांची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, गोष्ट वेगळी. त्यांच्यामधलं पहिलं घर साधारण साडेतीन सेंटीमीटरचं, पुढे आक्रसत बारावं दोनाच्या आत. १२वा पडदा तारेच्या मध्यावर; तिथे दाबलं की तोच स्वर वरच्या सप्तकात.

काका पोराचं बोट नेकच्या कडेवरून फिरवतात. तो झटकन हात मागे घेतो. खानदेशच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, धातूचे पडदे आकसत नाहीत. त्यांची टोकं बाहेर येऊन टोचतात. काका टोकं कानशीने घासतात आणि साबणाची डबी पुढे करतात. झाकणाला भोकं, आत ओला स्पंज. गिटारच्या पेटीत ठेवायची.

तारांच्या ओढीने नेकही वाकतो. त्याला उलट खेचायला आत पोलादी सळी असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीने १९२०च्या दशकात ती आणली. काका किल्ली लावून पाव फेरा देतात. थांबतात. डोळा बारीक करून नेकवरून बघतात.

"अजून थोडा?" पोरगा विचारतो.

"आज नाही."

(दृश्य: नवा गोंद, ब्रिजवर आवळलेले क्लॅम्प.)

दोन दिवसांनी पोरगा भुसावळच्या एसटीत बसलाय. गिटार मांडीवर, सावलीच्या बाजूला.