वाढत्या अंगाचा स्किमर

मंडळी, नमस्कार. फलकावर विषय लिहिलाय 'छोट्या खाऱ्या टाकीसाठी स्किमरची निवड'. नव्यांसाठी सांगतो, खारी टाकी म्हणजे समुद्री माशांची काचेची टाकी, आणि स्किमर म्हणजे तिच्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडून प्रथिनांसारखी घाण फेसाबरोबर गळ्यातून वरच्या कपात जमवणारं यंत्र. संयोजकांनी चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली सहा प्रोजेक्टरने खाल्ली. हरकत नाही. मला चित्रं दाखवायची नव्हतीच, एक जुनं दुखणं सांगायचं होतं.

आपल्याकडे शाळेचा गणवेश कसा घेतात? वाढत्या अंगाचा. बाही मनगटाखाली चार बोटं लोंबत असते आणि दुकानदार आईला सांगतो, 'पुढच्या वर्षीही होईल.' आई खूश, पोरगं वर्षभर बुजगावणं. स्किमरच्या दुकानात आपण सगळे त्या आईसारखे वागतो. 'टाकी शंभर लिटरची ना? मग चारशेचा न्या, कमी पडायला नको.' कोणी कोणी नेला? हात वर करा. बघा, निम्मा हॉल. उरलेले लाजताहेत.

मीही नेला. टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा आणि एक कोळंबी. कोळंबी म्हटल्यावर मागच्या रांगेत मालवणच्या मंडळींचे डोळे चमकले, ते दिसलं मला. ही साफसफाईवाली आहे हो, कालवणातली नाही. तर एवढ्या संसाराला मी चारशे लिटरचा स्किमर आणला. तो कॅबिनेटमध्ये बसेना. दाराची बिजागरी काढली, मग तिरका करून आत सरकवला. ते दार आजही भिंतीला टेकून उभं आहे आणि त्याचा विषय घरात दिवाळीच्या साफसफाईला हमखास निघतो.

चालू केला. आत दुधासारखे पांढरे बुडबुडे, बघत बसावं असं दृश्य. फेस गळ्यात निम्म्यापर्यंत चढायचा आणि तिथेच बसायचा. वरचा कप कोरडा ठणठणीत. एक आठवडा म्हटलं, नवा आहे, रुळेल. दुसरा आठवडाही तसाच. तिसऱ्या आठवड्यात दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, 'आतली पाण्याची पातळी वाढवा.' वाढवली. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी सकाळी कप काठोकाठ! रोज लिटरभर. रंग नळाच्या पाण्याचा, वासही नाही, पण मी हुरळलेला. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. टाकीतलं पाणी रोज कमी होतंय म्हणून संध्याकाळी आरओचं गोडं पाणी तांब्याने भरत होतो.

तीन आठवड्यांनी कोळंबी कोपऱ्यात निपचित. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर लावला तर १.०२५ वरून आकडा १.०२१ वर आलेला! स्किमर प्रथिनं काढतच नव्हता, खारं पाणी काढत होता. विकत आणलेलं मीठ मी रोज सकाळी मोरीत ओतत होतो आणि वर शेजाऱ्यांना चहा पाजत होतो.

याचा उलगडा कोणी केला असेल? माझ्या मामाने. मामाचं आयुष्य कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर गेलं. तो डॉक्टरला दाखवायला पुण्यात आला होता. टाकीपुढे पाट घेऊन बसला, अर्धा तास काही बोलला नाही. मग विचारलं, 'हे यंत्र मळी काढतंय व्हय?' मी म्हटलं, तसंच समज. गुऱ्हाळ पाहिलेल्यांना सांगायला नको. काहिलीत रस तापतो, भेंडीच्या चिकाचं पाणी घालतात, घाण मळी होऊन वर येते आणि झाऱ्याने ती काढून टाकतात. मामा म्हणाला, 'बादलीभर रसाला कुणी काहील मांडतं का रं? मळी धरायला खाली रस नको?'

गुळाची मळी आणि स्किमरचा फेस यांचं शास्त्र एकच नाही, हे इथले रसायनवाले सांगतीलच, आताच एकाने चुळबुळ केली. पण मामाचं बोट नेमक्या जागी पडलं. पाण्यातले काही सेंद्रिय रेणू असे असतात की त्यांचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. ते बुडबुड्याच्या कातडीला चिकटतात. त्यांच्यामुळेच बुडबुडा न फुटता गळ्यातून वर चढतो. गळा रुंद आणि घाण थोडी असेल, तर ती एवढ्या बुडबुड्यांना पुरत नाही आणि फेस वाटेतच फुटतो. म्हणजे माझा स्किमर बिघडलेला नव्हता, उपाशी होता.

पावसाळ्यात जुहूला किनाऱ्यावर फेस साचलेला पाहिलाय ना? तोच खेळ आहे, फक्त लाटांनी केलेला. मघाशी एका मुलाने दारात विचारलं की गोड्या पाण्याच्या टाकीत हे का चालत नाही. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात, खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात. बाळा, तुझा प्रश्न आजच्या सगळ्या भाषणापेक्षा बरा होता.

चिठ्ठी आली. आठ मिनिटं राहिली म्हणे! अजून निवड सुरूच केली नाही. आता पळतो, लिहून घ्या.

पहिलं, लिटर खरे मोजा. तिन्ही मापं फुटांत घेऊन गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा. माझ्या टाकीचे १२७ आले. त्यातून दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली तर शंभरच्या आसपास. संप, म्हणजे कॅबिनेटमधली यंत्रं ठेवायची खालची टाकी, असेल तर त्यातलं पाणी मिळवा.

दुसरं, खोक्यावरचा आकडा. ते मोजायची सर्वमान्य पद्धत नाही, प्रत्येक कंपनीचा गज वेगळा. बहुतेक खोक्यांवर कमी भार, मध्यम भार, जास्त भार असे आकडे असतात आणि दुकानदार त्यातला सगळ्यात मोठा वाचून दाखवतो. तुम्ही जास्त भाराचा, म्हणजे सगळ्यात लहान आकडा बघा. तो तुमच्या खऱ्या लिटरांच्या जवळ हवा. थोडा वर चालेल, चौपट नको.

तिसरं, आणि खरं तर मला एवढंच सांगायचं होतं, भार म्हणजे लिटर नव्हे. भार म्हणजे तुम्ही रोज आत काय टाकता ते. शंभर लिटरमध्ये दोन मासे आणि चिमूटभर खाणं असेल तर छोटा, दोन-अडीच इंच गळ्याचा स्किमर पुरतो. तेवढ्याच टाकीत कोणी पाच खादाड मासे ठेवून दिवसातून तीनदा गोठवलेलं खाणं घालत असेल तर एक पायरी वरचा घ्या. परदेशी सल्ले वाचताना ते बहुधा प्रवाळांच्या टाकीसाठी असतात हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. तेव्हा आपली टाकी माशांची, आणि हिशेब माशांच्या पोटाचा.

चौथं, साठ-सत्तर लिटरच्या आत असाल तर स्किमर घेऊच नका. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला. हे ऐकून ज्या दुकानदार मित्रांनी मान फिरवली त्यांची माफी मागतो.

पाचवं, कॅबिनेटची उंची मोजा, आणि कप वर उचलून काढायला जागा राहते का तेही बघा. दार भिंतीला टेकवायचं नसेल तर. संपमध्ये पाणी किती खोल हवं ते खोक्यात लिहिलेलं असतं, तेवढंच ठेवा. रुळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. जेवून उठल्यावर तेलकट हात टाकीत घातलात तर फेस बसतो, त्यात यंत्राचा दोष नाही.

आणि अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या केन फेल्डमन यांनी २००९ आणि २०१० मध्ये स्किमर मोजून पाहिले, तेव्हा पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनपैकी साधारण वीस ते तीस टक्केच निघतो असं दिसलं. यंत्रायंत्रांतही फार फरक नव्हता. याच्यावर वेगळं भाषण होईल, बोलावलंत तर.

दुसरी चिठ्ठी. बरं. माझ्या त्या चारशेवाल्याचं काय झालं, एवढं सांगून बसतो. तो मी एका मित्राला दिला. त्याची टाकी साडेतीनशे लिटरची, मासे नऊ, आणि घरातला प्रत्येक जण दुसऱ्याला न सांगता त्यांना खायला घालतो. तिथे पाचव्या दिवशी कप भरला, गडद चहासारखा, वास असा की त्याची बायको गॅलरीत जाऊन उभी राहिली. दर रविवारी सकाळी तो मला त्या कपाचा फोटो पाठवतो. नेमका माझ्या नाश्त्याच्या वेळी.