पिवळ्या पाकिटातले १४ दिवस

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. खाडा केला तर मजुरी बुडते, म्हणून ओटीपोटातील दुखणे उसाच्या मोळ्या बांधताबांधताच सोसले जाते. याच जिल्ह्यातील अनेक तरुण कामगार स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. अंगावरून पांढरे जाणे हा दर वेळी आजार नसतो. मात्र त्याला दुर्गंधी, ताप आणि संबंधाच्या वेळच्या वेदना यांची जोड असेल, तर आधी गर्भाशय आणि गर्भनलिकांपर्यंत चढणाऱ्या जंतूंच्या संसर्गाचा विचार करायला हवा.

त्यांतील सर्वांत जुना परिचित म्हणजे परमा या गुप्तरोगाचा जंतू गोनोकोकस, जो अल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये ओळखला. पाळीच्या दिवसांत गर्भाशयमुखावरील चिकट स्रावाचा अडसर सैल होतो आणि हा जंतू वर चढतो. गर्भनलिकेच्या आतील अस्तराला स्त्रीबीज गर्भाशयाकडे ढकलत नेणारी सूक्ष्म लव असते. गोनोकोकस चिकटतो तो बिनलवेच्या पेशींना, पण त्याच्या विषारी द्रव्यांनी मरतात त्या शेजारच्या लव असलेल्या पेशी. क्लॅमिडिया हा दुसरा जंतू पेशीच्या आतच वाढतो आणि बहुतेक स्त्रियांना त्याचा पत्ताही लागत नाही. नळीत मात्र व्रण राहतात. पुढे गर्भ नळीतच रुजण्याचा धोका वाढतो, किंवा दिवसच राहत नाहीत आणि बोल बाईला लागतो. (आपल्याकडे क्षयानेही नळ्या बंद होतात, तो संबंधातून येणारा संसर्ग नव्हे, पण तपासताना तोही ध्यानात ठेवावा लागतो.) मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या जंतूला पेशीभित्तिकाच नसल्याने त्या भित्तिकेवर घाव घालणारी पेनिसिलिनसारखी औषधे त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. योनीतील, प्राणवायूविना वाढणारे जंतूही या संसर्गात सामील होतात.

एकाच दुखण्यामागे असे अनेक जंतू असल्यामुळे सरकारी दवाखान्यातील पिवळ्या पाकिटात, म्हणजे किट ६ मध्ये, तीन औषधे असतात: गोनोकोकससाठी सेफिक्झिमची एक मात्रा, क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन आणि प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंसाठी मेट्रोनिडाझोल. शेवटची दोन सकाळ-संध्याकाळ, पूर्ण १४ दिवस घ्यायची असतात. बाई गरोदर असेल तर मात्र हे पाकीट चालत नाही. चार दिवसांत दुखणे ओसरते, टोळी दुसऱ्या फडावर हलते आणि उरलेल्या गोळ्या कोपीत तशाच राहतात. नवऱ्यासाठी राखाडी पाकीट वेगळे असते. त्याला कोणताही त्रास नसला, तरी ते द्यायचे असते, आणि तो नेमके हेच विचारतो, “मला काही झालंच नाही, तर मी कशाला गोळ्या खाऊ?”