बाटलीतले प्राणी

[दृश्य : ठाण्यातल्या एका महाविद्यालयाची पेशीशास्त्र प्रयोगशाळा. रसायनांचं कपाट.]

निवेदन :

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतलं विच्छेदन थांबवलं. बेडूक गेले, मेणाचे ट्रे माळ्यावर गेले. पेशीशास्त्राच्या टेबलावर मात्र प्राणी अजून आहेत. ते बाटलीत असतात, म्हणून दिसत नाहीत. परासरण, म्हणजे पेशीच्या पडद्यातून होणारी पाण्याची ये-जा, दाखवायला खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं रक्त, गुणसूत्रं रंगवायला कार्माइन, पेशी वाढवायला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव.

आधी रक्त. त्याच्याऐवजी एका शोभेच्या झाडाचं पान चालतं. ठाणे, नवी मुंबईच्या सोसायट्यांत कुंपणालगत लावलेली र्‍हिओची पानं खालून जांभळी असतात. पान दुमडून तिरकं फाडलं की जांभळा पापुद्रा सुटतो. त्याला हिरवा गर चिकटला असेल तर तो तुकडा टाकून द्या, पेशी एकावर एक दिसतात. सुक्रोजची ०.१ ते ०.६ मोलर द्रावणं लागतात. ३.४२ ग्रॅम सुक्रोज थोड्या पाण्यात विरघळवून मग १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरलं की ०.१ मोलर. थेट १०० मिली पाण्यात साखर ओतायची नाही. दाट द्रावणांत आकारमान वाढतं आणि आकडा चुकतो.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या पेशी. रस भिंतीपासून सुटतो आहे.]

१५ मिनिटांनी ५० जांभळ्या पेशी मोजा. ज्या द्रावणात साधारण निम्म्या पेशींत रससंकोच, म्हणजे रस भिंतीपासून सुटलेला, दिसतो, त्याची तीव्रता पेशीरसाच्या सर्वांत जवळची. कापलेल्या कडेच्या, रंग गळालेल्या पेशी मोजायच्या नाहीत. सगळ्यांत जास्त गोंधळ पंख्यामुळे होतो: स्लाइड सुकते, द्रावण दाट होतं आणि ०.१ मध्येही सगळ्या पेशी आकसलेल्या दिसतात. म्हणून तुकडे झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवा आणि त्याच द्रावणाच्या थेंबात बघा.

मग कव्हरस्लिपच्या एका बाजूने टिपकागद लावून दुसरीकडून पाणी सोडा. रस पुन्हा पसरतो, म्हणजे पेशी जिवंत होती. फुटलेली रक्तपेशी हे दाखवू शकत नाही. पण वनस्पतीपेशीला भिंत असते, ती शुद्ध पाण्यात फुटत नाही. हा फरक नुसता तोंडी सांगून भागणार नाही. रक्तपेशी फुटतानाचं आधीचं चित्रीकरण शेजारी लावावं.

कांद्याच्या मुळात पेशीविभाजन बघायचं प्रात्यक्षिक प्राणीमुक्त वाटतं. पण गुणसूत्रं रंगवणाऱ्या ॲसिटोकार्माइनमधलं कार्माइन कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. त्याऐवजी ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये २ टक्के ऑर्सीन वापरा. ते मुळात दगडफुलाच्या जातकुळीतल्या लायकेनपासून मिळतं. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून साठवणीचा कांदा घ्या, नुकता काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो. पाणी रोज बदला, नाहीतर तळ सडतो. एक-दोन सेंटिमीटर मुळं सकाळी कापून एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोलमध्ये २४ तास ठेवा. नंतर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, ६० अंश सेल्सिअस, सहा ते आठ मिनिटं. कमी पडलं तर पेशी सुट्या होत नाहीत, जास्त झालं तर टोकाचा लगदा होतो.

[दृश्य : मुळाचं टोक, अगदी जवळून.]

आम्लातून काढल्यावर शेवटचे दोनेक मिलिमीटर दुधी दिसतात. विभाजन तिथेच चालू असतं. वरचा पारदर्शक भाग कापून टाका. दाबताना अंगठा सरळ खाली. कव्हरस्लिप घसरली की पेशी गुंडाळल्या जातात.

यीस्टही असंच फसवतं. त्याच्या नेहमीच्या वायपीडी नावाच्या वाढीच्या माध्यमातला पेप्टोन, म्हणजे अर्धवट पचवलेली प्रथिनं, बहुतेक वेळा प्राण्यांच्या ऊतींपासून येतो. सोया पेप्टोन मागवता येतो, यीस्ट त्यावर वाढतं. आणि यीस्ट म्हणजे दुय्यम पर्याय नव्हे. पेशीचक्र चालवणारी जनुकं लेलंड हार्टवेल यांनी यीस्टमध्येच शोधली. २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

सीरम सर्वांत अवघड. कत्तलखान्यात गाभण गायीच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून ते काढतात आणि माध्यमात साधारण १० टक्के घालतात. मानवी प्लेटलेट लायसेट, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट फोडून मिळवलेला द्रव, हा पर्याय आहे. पण त्याने माध्यम गोठू नये म्हणून बऱ्याचदा हेपरिन घालावं लागतं आणि हेपरिन डुकराच्या आतड्यातून येतं. गोठण घडवणारं फायब्रिनोजेन काढलेलं लायसेट मागवलं तर ही अडचण टळते.

दुसरा मार्ग सीरमविरहित माध्यमाचा. पण त्यावर पेशी एकदम टाकल्या तर बऱ्याचदा मरतात. जुनं आणि नवं माध्यम आधी ७५ : २५, मग ५०-५०, मग २५ : ७५, प्रत्येक टप्प्यावर पेशी नीट वाढू लागल्यावरच पुढे जायचं. फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी सोडवताना आणखी एक काळजी: त्या सोडवणाऱ्या ट्रिप्सिन या एन्झाइमला थांबवणारे घटक सीरममध्ये असतात, ते आता नाहीत. डुकराच्या स्वादुपिंडातल्या ट्रिप्सिनऐवजी रिकॉम्बिनंट, म्हणजे सूक्ष्मजीवांत बनवलेलं, एन्झाइम घ्या, पेशी सुटताच भरपूर माध्यम घालून ते पातळ करा, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव काढून टाका आणि मगच नव्या फ्लास्कमध्ये पेरा.